बाबांची बंदूक ठाण्यातच राहिली

बाबांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची भरमार बंदूक होती. नळीत दारू ठासायची आणि रानडुकरांचा कळप शेतात उतरला की हवेत बार काढायचा, एवढाच तिचा उपयोग. दसऱ्याला विळ्या-कुऱ्हाडीशेजारी तिलाही हळदकुंकू लागायचं. निवडणूक आली की गावातले परवानेवाले आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर परत आणायचे. एका निवडणुकीनंतर सगळ्यांनी आणल्या, बाबांनी आणली नाही. गुडघे दुखतात, कागद अपुरे आहेत, असं काहीबाही ते सांगत राहिले. त्याआधीच्या उन्हाळ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी भांडण झालं होतं आणि दादा ती बंदूक घेऊन अंगणात उतरला होता. बाबांनी नळी धरून त्याला मागे ओढलं. नंतर घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही.

बाबा गेल्यावर दादाने परवाना स्वतःच्या नावावर करायला घेतला. आई आधीच गेलेली, वारस आम्ही दोघंच. माझी संमती लागणार होती. दादाने नववीत शाळा सोडून शेती धरली म्हणून मी पदवीपर्यंत पोचलो. आज शहरात सदर भागातल्या ऑफिसात बसतो ते त्याच्यामुळे. त्याने कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. ती हळू बोलत होती.

"भाऊजी, सही नोका करू. डुकरं चना खातीन तं खाऊ द्या. पण माहं नाव नोका सांगू."

मी काही विचारायच्या आत तिने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात शहरात गोळीबार झाला होता आणि ऑफिसात डबा खाताना तोच विषय चालला होता. एकाचं म्हणणं, देशी कट्टा ओळखीने कुठेही मिळतो, कायदा कडक करा. दुसरा म्हणाला, मारणाऱ्याला चाकूही पुरतो, आधी बेकारीचं आणि दारूचं बोला. मी म्हणालो, राग सगळ्यांनाच येतो आणि उतरतोही, पण बंदूक हाताशी असली की तो उतरायला वेळच मिळत नाही. सगळ्यांना पटलं. मलाही बरं वाटलं.

गावी जाऊन दादाला तेच सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"गुंड लोक परवाना काढतात का गा? त्यायले कट्टे भेटून राहिले, अन् मले माह्या बापाची बंदूक भेटत नाही. तू एसीत बसून राहिला. डुकरं काही तुह्या टेबलावर येत नाहीत."

यात खोटं काहीच नव्हतं. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून मी कायद्याचं आणि समाजाचं बोलत राहिलो. शेवटी सही करणार नाही म्हणालो आणि निघालो. त्यानंतर त्याने माझे फोन उचलले नाहीत.

हरभरा घाट्यावर आला, दाणे भरू लागले, तेव्हा पहाटे पत्र्याचा डबा वाजवत डुकरं हाकलायला गेलेल्या दादाच्या मांडीत एका डुकराने सुळा घुसवला. त्याला शहरात धंतोलीतल्या दवाखान्यात आणलं. टाके पडले. बघायला येणारा प्रत्येक जण बंदुकीचं विचारायचा, आणि मी औषधं आणायच्या निमित्ताने खाली जायचो.

एका दुपारी आम्ही तिघंच होतो. वहिनी थर्मासमधून चहा ओतत होती.

"आता तरी सांग," दादा म्हणाला, "काहून नाही देत सही?"

"मले भेव वाटते."

"कोणाचं? डुकराचं?"

"तुहं."

वहिनीने मान वर केली नाही.  तिच्याकडे न बघता दादाने विचारलं, "इलेही वाटते का?"

  वहिनीने कप पुढे केला आणि त्याने तो घेतला.

सहीचा विषय पुन्हा निघाला नाही. दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर मी त्यांना गाडीत बसवून द्यायला गेलो. वहिनीला काही दिवस आमच्याकडे ठेवून घ्यावं असं सारखं मनात येत होतं, पण दादासमोर विचारायचा धीर झाला नाही. घरी गेल्यावर माहं ड्रेसिंग हीच करते, असं त्याने डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं.