अस्वलाची जांभई

बायकोलाही कधी सांगितलं नाही, पण लेकीच्या गोष्टीच्या पुस्तकातलं ते अस्वल म्हणजे मी.

कापडाच्या लूमवरची रात्रपाळी सुटली की मी टेमघरच्या हॉटेलात चहाला बसायचो. समोर एक चित्रकार रोज पेन्सिलीने कान खाजवत बसलेला असायचा. एकदा म्हणाला, “दादा, मुलांच्या पुस्तकात झोपाळू अस्वल काढायचंय. मघाची जांभई जरा परत द्या ना!”

“अस्वल तुझा बाप!” मी सगळ्यांसमोर ओरडलो. अर्धा चहा टाकून तो गेला, तो पुन्हा आलाच नाही.

पुढे लेकीने ते पुस्तक दाखवलं. खाली छापलेलं, ‘अस्वलाला झोप येते.’ वर माझ्याच मिशा, डोळे वटारलेले.

“बाबा, हे चिडलंय का?”

“झोपमोड झाली असेल.”

त्या माणसाला मी अजून एक जांभई देणं लागतो.