लख्खबाईचं तळं

लख्खबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, घासून, वाफेच्या यंत्रातून काढून देणाऱ्या खोलीत तिची सगळी नोकरी गेली. तिच्या हातून आलेल्या ट्रेमध्ये बघून डॉक्टर भांग पाडतात, असं तिथल्या सिस्टर म्हणत. नाव तिथं पडलं आणि तिच्यामागून घरी आलं.

निवृत्त झाली तरी हात स्वस्थ बसेनात. खिडक्यांच्या जाळ्या झाल्या, कुंड्या बाहेरून पुसून झाल्या, आणि एका सकाळी तिची नजर मागच्या बागेतल्या तळ्यावर गेली.

तळं थोरल्या जावेचं. दोघींचे नवरे गेलेले, मुलं आपापल्या संसारात. घरात या दोघीच. थोरलीने तळ्यात नारिंगी मासे पाळले होते. पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून ती मागच्या खोलीत खिडकीशी पलंगावर असे, आणि त्या माशांकडे बघण्यात तिचा दिवस सरे. तिच्या आजारपणात पाण्यावरची रोपं कुजून गेली होती. लख्खबाईने मासे बादलीत काढले, तळं उपसलं, ब्रशने घासलं, नळाचं पाणी भरलं, मासे परत सोडले, दोन गाळण्या बसवल्या आणि मधोमध कारंजं. तळाचा खडान् खडा दिसू लागला.

बगळ्यालाही दिसू लागला. तो काठावर शहाण्यासारखा उभा राही आणि चोच मारून मासा उचली. थोरली खिडकीचे गज बडवी, "मेल्या, हो बाजूला!" म्हणे. उठता येत नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत मासे कमी होत होते.

लख्खबाईने वर जाळी ताणली.

"तुरुंगात घातलंस गं त्यांना," थोरली म्हणाली.

"नवी रोपं आणते. पानांचं छप्पर होईपर्यंत राहू दे, जाऊबाई. मग काढते."

हा शब्द तिला पाळायचा होता. त्याला कारण होतं. तरुणपणी तिला नोकरी लागली तेव्हा सासूने विचारलं होतं, पोरांचं कोण बघणार? लख्खबाई खाली मान घालून उभी होती. थोरली पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मी काय मेलेय का?" तेवढ्या एका वाक्यावर लख्खबाईची सगळी नोकरी उभी राहिली. पाळीवरून ती परते तेव्हा पोरं जेवून, न्हाऊन झोपलेली असत. याचे आभार तिने कधी मानले नव्हते. त्या घरात आभार मानायची रीत नव्हती. कामाला काम जोडायचं, बस.

रोपवाटिकेतून तिने तरंगणारी रोपं आणली. कोबीच्या कोवळ्या गड्ड्यासारखी. आठवडाभरात पानं पिवळी पडली, गाभा मऊ झाला. रोपंच खोटी, असं म्हणून तिने दुसरीकडून आणली. तीही तशीच. ऊन कमी पडतंय म्हणून झाडाच्या फांद्या छाटून घेतल्या. काही फरक नाही. मासे मुळं कुरतडतात अशी शंका आली म्हणून रोपांभोवती बारीक जाळीचं कडं केलं. रोपं सुकत गेली आणि लख्खबाई दर रविवारी आणखी जोमाने पाणी बदलत गेली. इस्पितळात काहीही बिघडलं तरी उत्तर एकच असे: पुन्हा धुवा.

शेवटी एक मरतुकडं रोप वाडग्यात घालून तिने थोरलीपुढे धरलं.

"बघा तुम्हीच. माझ्या हाताला यश नाही."

थोरलीने चष्मा लावला. रोप उचलून उलटं केलं. पानं बोटभर, आणि मुळं मात्र पांढरी, अखंड, हातभर लोंबणारी.

"मुळं तर शाबूत आहेत, मग माशांचा काय दोष?" ती म्हणाली. "केवढी लांब सोडलीत बिचाऱ्याने! कशाला सोडली असतील?"

"कशाला?"

"जेवण शोधायला. याला माती नाही, बाई. पाण्यात असेल तेच खाणार, माशांची घाण, कुजलेला पाला. तुझ्या पाण्यात काय आहे?"

"काही नाही!" लख्खबाई अभिमानाने म्हणाली. "आरशासारखं आहे."

"मग रिकाम्या ताटावर बसवलंस की त्याला. ताट कितीही लख्ख घासलं तरी पोट भरतं होय?"

लख्खबाईला हसू फुटलं. थोरलीही हसली. "मला तरी काय कळतं? मी आळशी, कधी घासलंच नाही, म्हणून माझी रोपं जगली असतील. आणि ते कारंजं हलव. सारखं डोक्यावर पाणी पडलं तर गाभा कुजेल नाहीतर काय!"

कारंजं कोपऱ्यात गेलं. एक गाळणी निघाली. नळाचं पाणी, त्यातलं औषध उडावं म्हणून, बादलीत एक दिवस ठेवूनच, तेही कमी झालं तेवढंच, घालायचं ठरलं. उरलेलं काम सगळ्यात अवघड होतं: काही न करणं. पाण्याला चहाचा रंग आला, काठाला हिरवट शेवाळ धरलं. लख्खबाईची बोटं शिवशिवत. ब्रश हातात घेऊन ती दारापर्यंत जाई.

"ब्रश ठेव!" खिडकीतून आवाज येई.

"नुसता वाळत घालत होते."

"तळ्याकडे तोंड करून?"

नव्याने आणलेली रोपं आधी रुसल्यासारखी होती. मग मधली पानं घट्ट हिरवी निघाली. एकाने बाजूला देठ काढून त्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं पिल्लू ठेवलं. बघता बघता निम्मं तळं झाकलं.

ज्या दिवशी जाळी निघाली, त्या दिवशी थोरलीला चाकाच्या खुर्चीत बसवून बागेत आणलं. बगळा आला. या काठावरून बघितलं, त्या काठावरून बघितलं. पानांखाली कुठेतरी पाणी हललं, पण दिसलं काही नाही. तो उडून गेला.

"उपाशी गेला बिचारा," थोरली म्हणाली.

लख्खबाई खुर्चीमागे उभी होती. समोर तोंड असतं तर तिला बोलता आलं नसतं.

"जाऊबाई, तुम्ही होतात म्हणून माझं सगळं झालं. नोकरी, पोरं, सगळंच. सांगायचं राहून गेलं होतं."

थोरलीने खांद्यावरून मागे हात नेऊन लख्खबाईचा हात थोपटला.

"खुर्ची जरा पुढे घे," ती म्हणाली. "तो पांढऱ्या शेपटीचा मासा वर येतोय."