नीळकंठचं मत

नीळकंठ शेवडे हा माणूस मला कधीच आवडला नाही, आणि हे त्यालाही ठाऊक आहे. हॉलंडमध्ये, हेगजवळच्या फोरबर्गला आम्ही एकाच इमारतीत राहतो. तो खालच्या मजल्यावर, मी वर. त्याची बायको मेधा माझी मैत्रीण, तेव्हा माझा कल कुणाकडे असणार हे उघड आहे. तरीही जे घडलं ते त्याने स्वतःवर ओढवून घेतलं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मेधाची रेटते.

तो मूळचा साताऱ्याचा. पुण्याच्या कंपनीने त्याला हॉलंडला पाठवलं आणि तो इथेच राहिला. आम्स्टरडॅम स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो, म्हणून घरी आल्यावरही तेच करतो, असं मेधा म्हणायची. आमटीतलं मीठ, लेकीचं मराठी, मी जिन्याखाली लावलेली सायकल, सगळ्यावर त्याचा शेरा असायचा.

या माणसाच्या डोक्यात युरोपच्या पार्लमेंटचं खूळ शिरलं ते २०१४ साली. ऑफिसात त्याच्या शेजारी रुई नावाचा एक पोर्तुगीज तरुण बसायला लागला होता. मे महिन्यात त्याने सहज सांगितलं, की या वेळी मी हॉलंडच्या यादीतून मत देणार आहे, आमचाही देश युरोपच्या संघात आहे, तेव्हा इथे नाव नोंदवलं की झालं. नीळकंठ त्या संध्याकाळी घरी आला तो धुमसतच.

"तो पोरगा आठ महिन्यांपूर्वी आला," तो मेधाला म्हणाला. "त्याला डचमध्ये कॉफी मागता येत नाही. आणि तो मत देणार. मी नऊ वर्षं कर भरतोय, मी बघत बसायचं."

"नगरपालिकेला देतोस की मत."

"नगरपालिका कचऱ्याचे डबे कुठे ठेवायचे ते ठरवते. माझं निम्मं काम ब्रसेल्समध्ये ठरतं."

त्याचं हे म्हणणं खोटं नव्हतं. तिथे युरोपच्या पार्लमेंटात कायदा झाला की इथे त्याच्या टेबलावर काम वाढायचं. पण त्याला कायद्यापेक्षा रुई जास्त बोचत होता. रुईशी तो त्यानंतर कामापुरतंच बोलायला लागला. त्या बिचाऱ्याला कारण कधी कळलंच नाही.

पुढची काही वर्षं नीळकंठने त्यातच घातली. डच भाषेची परीक्षा दिली, अर्ज केला, आणि २०१८च्या अखेरीस तो डच नागरिक झाला. भारतीय पासपोर्ट सोडावा लागला. लेक वैदेही तेव्हा दहा वर्षांची होती. तिचं नाव त्याने आपल्याच अर्जात घातलं होतं. मेधाने तेवढ्याला रडतखडत होकार दिला, पण स्वतः मात्र ठाम राहिली.

"तुझ्या रागापायी मी माझं नागरिकत्व देणार नाही," ती म्हणाली.

"राग नाही हा. हक्क आहे."

"मग तो तू घे."

हेगच्या वकिलातीतून त्याला ओसीआय कार्ड मिळालं. परदेशी झालेल्या भारतीयांना हे कार्ड असलं की भारतात जायला व्हिसा लागत नाही. ते त्याने माझ्यासमोर नाचवलं. "आयुष्यभरासाठी आहे! काय गमावलं मी, सांगा?"

२०१९च्या तेवीस मेला त्याने युरोपच्या पार्लमेंटसाठी ते मत दिलं. प्राथमिक शाळेच्या व्यायामाच्या हॉलमध्ये, टेबलावर मावणार नाही एवढी मोठी मतपत्रिका, लाल पेन्सिल. एका उमेदवार बाईच्या नावापुढचा गोल त्याने रंगवला. बाहेर येऊन साताऱ्याला फोन लावला. त्याचा थोरला भाऊ मोरेश्वर तिथे आईला घेऊन राहायचा. त्याच दिवशी भारतात लोकसभेची मतमोजणी होती.

"दादा, मी आज मत दिलं."

"इथे निकाल लागतायत," मोरेश्वर म्हणाला. "तुझं ते परक्यांचं नंतर सांग. ठेव."

दोघा भावांमधलं वितुष्ट आधीपासूनचं होतं. नीळू गेला आणि म्हातारपण माझ्या गळ्यात टाकून गेला, हे मोरेश्वरच्या मनात पक्कं होतं. आईच्या मनात वेगळंच. नीळूला तिकडे अडकवून ठेवलं ते मेधाने, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सासू-सुनांमध्ये दिवाळीच्या फोनापलीकडे बोलणं नव्हतं.

मग करोना आला. विमानं थांबली, ऑफिस घरात आलं, आणि ते तिघं एकमेकांच्या वाट्याला दिवसभर आले. मेधा आणि मी कालव्याच्या काठाने दीड मीटर अंतर ठेवून चालायचो, तेव्हा ती फक्त त्याच्याबद्दल बोलायची. तो मीटिंगमध्ये असताना कुकरची शिट्टीसुद्धा चालत नाही, वैदेहीने डचमध्ये उत्तर दिलं की तिला दोनदा मराठीत म्हणायला लावतो. आणि तीच पोर त्याने डच करून ठेवली, म्हणाली.

मे महिन्यात साताऱ्याहून फोन आला. आईला अर्धांगाचा झटका आला होता. बोलता येत होतं, पण डॉक्टरांनी आशा दिली नव्हती.

त्याच सुमाराला भारत सरकारने परदेशात अडकलेल्यांसाठी विमानं सोडली होती. नीळकंठने वकिलातीत फोन केला. पलीकडच्या माणसाने पासपोर्ट कुठला विचारलं आणि सांगितलं, की सध्या फक्त भारतीय नागरिक. ओसीआय कार्डावरचा प्रवेश मार्चपासून स्थगित आहे.

"पण ते आयुष्यभराचं कार्ड आहे," नीळकंठ म्हणाला.

"सर, सध्या स्थगित आहे."

त्याने ज्या बाईंना मत दिलं होतं, त्या निवडून आल्या होत्या. त्याने त्यांना लांबलचक ईमेल लिहिली. त्यांच्या कार्यालयाचं उत्तर आलं, सभ्य आणि सहानुभूतीचं: भारतात कुणाला येऊ द्यायचं हा भारताचा निर्णय आहे, आपल्या आईंच्या प्रकृतीसाठी शुभेच्छा. मेधाने ते वाचलं आणि मोठ्याने हसली. ते हसणं मी वरच्या मजल्यावर ऐकलं. त्यानंतर काहीतरी फुटल्याचा आवाजही ऐकला.

भारतीय पासपोर्ट घरात आता एकट्या मेधाकडे होता. तिने त्या विमानासाठी नाव नोंदवलं. का, हे मी तिला विचारलं, कारण सासूसाठी ती स्टेशनापर्यंतही गेली नसती.

"त्याला दाखवायला," ती म्हणाली. "आणि म्हातारी एकटी मरू नये म्हणूनही. दोन्ही खरं आहे."

निघायच्या दिवशी तो तिला विमानतळावर सोडायला गेला. गाडीतून उतरताना म्हणाला, "आईला सांग, मला येता येत नाही. नियम आहे."

"ऐंशीची आहे ती, नीळकंठ. तिला नियम सांगू?"

ती गेल्यावर त्याचं आणि वैदेहीचं जेवणाचं कसं चाललंय म्हणून मी एकदा डबा दाराशी ठेवला. त्याने तो न उघडता वर आणून दिला.

"तुम्ही मेधाच्या बाजूच्या," तो म्हणाला. "तुम्हाला हे बघायला मजा येत असेल. राहू द्या."

मी दार लावून घेतलं. मला तेव्हा खरोखर राग आला होता.

मेधाला मुंबईत हॉटेलात विलगीकरणात राहावं लागलं, मग परवानगी काढून ती साताऱ्याला पोचली. सासू शुद्धीत होती. मेधाला बघितल्यावर तिचे पहिले शब्द होते, "तू कशाला आलीस? त्याला का नाही धाडलंस?"

मेधाने समजावून बघितलं. विमान, पासपोर्ट, सरकार. म्हातारीने तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढचे काही दिवस मेधाने तिला पेज भरवली, कूस बदलून दिली. सासू तिच्या हातची पेज खायची, पण तिच्याशी बोलली नाही. आठवड्याच्या आत ती गेली.

तोवर दिल्लीने नियम थोडा सैल केला होता. घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर कार्डवाल्यांना येता येणार होतं. पण विमानात जागा नव्हती, आणि वैदेहीला ठेवायचं कुणाकडे? अंत्यविधीला शेजारच्या कुणीतरी फोन धरला होता. नीळकंठ इथे स्वयंपाकघरात उभा राहून बघत होता. मोरेश्वरच्या ते लक्षात आलं.

"बंद कर तो फोन," तो म्हणाला. मग स्वतःच पुढे आला आणि पडद्यात बघत म्हणाला, "नीळू, तुझे खासदार आहेत ना तिकडे? त्यांना बसव सुतकाला." फोन बंद झाला.

पुढे विमानात जागा मिळायची वेळ आली, तेव्हा तेरावा होऊन गेला होता. "आता कुणासाठी येतोस?" असं मोरेश्वरने विचारलं, आणि नीळकंठने जायचा विचार सोडला.

मेधा ऑगस्टमध्ये परतली. आल्या आल्या त्याने विचारलं, "आई काय म्हणाली?"

तिला खोटं बोलता आलं असतं. मी तिला तसं म्हणालेही. तिने शब्द जसेच्या तसे सांगितले. तू कशाला आलीस, त्याला का नाही धाडलंस. तो म्हणाला, "म्हणजे तिला वाटलं, तूच मला येऊ दिलं नाहीस."

"हो," मेधा म्हणाली. "शेवटपर्यंत तिला तेच वाटत होतं. खूश?"

त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपायला लागला.

पुढच्या मार्चमध्ये इथल्या देशाच्या संसदेची निवडणूक आली. करोनामुळे मतदान तीन दिवस चाललं. नीळकंठ सकाळीच मास्क लावून निघाला. मेधा दारात आडवी आली. मी जिन्यातच होते.

"अजून मत द्यायची हौस आहे तुला?"

"आता नाही दिलं, तर आई फुकट गेली," तो म्हणाला.

"म्हणजे तू तिची वसुली करायला निघालायस."

तो तिच्या अंगावर धावून जाईल असं मला वाटलं. गेला नाही. तिच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडला, सायकल काढली आणि गेला. परत आल्यावर त्याने कुणाला मत दिलं ते सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

२०२२च्या सुरुवातीला येण्याजाण्याचं पूर्वीसारखं झालं, तेव्हा तो एकटाच साताऱ्याला गेला. मोरेश्वरने त्याला बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली. नवे कप काढले, पाहुण्यांचे. बायकोला हाक मारून म्हणाला, "परदेशी पाहुणे आलेत, साखर कमी घाल."

"दादा, मी राहतो तिथे," नीळकंठ म्हणाला. "माझ्यावर जे कायदे लादतात, ते कुणी करायचे हे मी ठरवायला नको? तू इथे ठरवतोस ना?"

"ठरव की. तुला कुणी अडवलंय?"

"मग तू कशाचा सूड घेतोयस?"

"ती रोज दाराकडे बघायची," मोरेश्वर म्हणाला. "माझ्याकडे नाही. पंधरा वर्षं मी केलं, आणि बघायची ती दाराकडे." मग कप उचलून आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. नीळकंठ थोडा वेळ बसला, चप्पल घालून निघाला. हे त्याने मला स्वतः सांगितलं, जिन्यात, मी न विचारता. त्यानंतर भावाभावांत फोन झालेला नाही.

मेधा आणि नीळकंठ अजून एकाच घरात राहतात. कशासाठी, ते मला माहीत नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये नगरपालिकेची निवडणूक होती. तिथे मत द्यायला डच पासपोर्ट लागत नाही, म्हणून मेधाचाही कागद आला होता. मी खाली गेले होते. वैदेही आता चौदाची झाली होती, टेबलाशी अभ्यास करत होती. तिने मान वर करून आईला इंग्रजीत विचारलं, की तू आमच्यासारखा पासपोर्ट कधी घेणार, म्हणजे तुला सगळीकडेच मत देता येईल.

नीळकंठ सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याचे हात थांबले.

"माझी आई आहे अजून," मेधा मराठीत म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.