खाकी खिशाची पिशवी

विझवाआजी हे नाव आमच्या इमारतीतल्या पोरांनी ठेवलं. दिवसाढवळ्या जिन्यात दिवा जळताना दिसला की त्या हातातलं ओझं खाली ठेवून बटण बंद करायच्या आणि पुटपुटायच्या, "सूर्याला काय आज रजा आहे?"

कपडे कमीजास्त करून देणं हा त्यांचा धंदा. कुणाची पँट लांब, कुणाचा झगा ढगळ. मशीन खिडकीशी, कारण तिथला उजेड फुकट. तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीत जायचं, भाजी धुतलेलं फरशीला. कपड्याच्या चिंध्यांची पायपुसणी व्हायची आणि जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत बटणं, डाळी, सुया असं सगळं सुखाने नांदायचं. सून म्हणायची, सासूबाईंच्या राज्यात कचऱ्यालाही निवृत्ती नाही. आजी हसायच्या. त्यांना तो टोमणा वाटायचाच नाही.

त्यांचे यजमान बस चालवायचे. ते गेल्यावर आजींनी त्यांच्या खाकी सदऱ्याची पिशवी शिवली. छातीचा खिसा तसाच ठेवला, झाकणासकट, पितळी बटणासकट. त्यात घराची किल्ली. बाजारात कुणी पिशवीकडे पाहिलं की आजी सांगायच्या, "आमचे हे अजून माझ्याबरोबर बाजारात येतात. फरक इतकाच, की आता बटाटे ते उचलतात." जन्मभर गाडी चालवून थकलेल्या माणसाने घरात कधी भाजीची जुडी आणली नव्हती, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं.

मग इमारतीच्या समितीने स्पर्धा काढली: पर्यावरण जपणारं घर. समिती रविवारी प्रत्येक घर बघणार होती. आजींच्या मुलाने नाव दिलं. आजी हरखल्या. जन्मभर ज्यावरून लोक हसले, त्यालाच आता बक्षीस मिळणार होतं. शनिवारी त्यांनी खाकी पिशवी साबण लावून धुतली, किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला बांधली, पिशवी गॅलरीत वाळत घातली आणि शिवलेले कपडे द्यायला गेल्या. एरवी पिशवीशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत. तेवढ्या एका दुपारी ओलांडला.

परत आल्या तर स्वयंपाकघर ओळखू येईना. फळीवर एकाच उंचीच्या नव्याकोऱ्या काचेच्या बरण्या, लाकडी झाकणांच्या. खुंटीला 'पृथ्वी वाचवा' छापलेल्या पांढऱ्या पिशव्या, अजून प्लास्टिकच्या वेष्टणात. नळाखालची बादली गायब. गॅलरीतली दोरी मोकळी.

"माझी पिशवी कुठाय?"

मुलगा स्टुलावर चढून बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. म्हणाला, जुनं सगळं दोन गोण्यांत भरून खाली फाटकाशी ठेवलं.

"आई, लोक घर बघायला येणार. नीटनेटकं दिसायला नको?"

"मी धुतली होती ती. उद्यासाठीच धुतली होती."

"अगं, चिंधी झाली होती तिची."

सून मध्ये पडली. एक नवी पिशवी वेष्टणातून काढून सासूच्या हातात देत म्हणाली की ही घ्या, मऊ आहे. तिच्या मनात खोट नव्हती, हेच तर वाईट. खोट असती तर भांडता आलं असतं. आजी जिना उतरून फाटकापर्यंत गेल्या. गोण्या गेल्या होत्या.

रविवारी समिती आली. सचिवांनी बरण्यांचे फोटो काढले, नवी पिशवी हातात धरलेल्या मुलाचा काढला. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आजींकडे वळून, म्हाताऱ्या माणसांशी बोलायच्या गोड आवाजात म्हणाले, "आजी, या वयात तुम्हीपण मुलाकडून शिकायला हवं हो थोडं."

आम्ही दारात उभे होतो. सगळ्यांना माहीत होतं, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. मुलाने मान खाली घातली, पण तीही फोटो संपल्यावर.

"शिकते," आजी म्हणाल्या.

बक्षीस त्यांच्याच घराला मिळालं.

पुढे बरेच दिवस आजी येताजाता फाटकापाशी रेंगाळायच्या, भंगारवाल्याला विचारायच्या. एका दुपारी जिन्यात त्यांना पिशवी सापडली. जिना पुसणाऱ्या बाईच्या हातात होती, पाण्याने काळीठिक्कर. आजींनी खिशावरून ओळखली.

बाई कौतुकाने सांगायला लागली. गोणीतून तिने हीच तेवढी उचलली होती. मधोमध फाडून दोन फडकी केली, एक काचांना, खिशाचं फरशीला. "कापड काय दणकट आहे हो आजी. पाणी कसं धरतं बघा." मग आजींच्या चेहऱ्याकडे बघून तिचा हात थांबला. "तुमचं होतं का? देऊ परत?"

आजींनी हात पुढे केला, आणि तसाच मागे घेतला. वस्तू झिजेपर्यंत वापरायची, हे त्या सगळ्या इमारतीला सांगत आल्या होत्या. ऐकलं होतं ते या एका बाईने.

"वापरात आहे ना? मग राहू दे," त्या म्हणाल्या. "बटण तेवढं काढून टाक. फरशीला ओरखडे पडतील."

बाईने दाताने दोरा तोडून बटण त्यांच्या तळहातावर ठेवलं. ते मुठीत घेऊन आजी वर निघाल्या. लख्ख ऊन होतं आणि जिन्यातला दिवा जळत होता. दिव्याचं बटण त्यांच्या खांद्याशीच होतं भिंतीवर. त्या तशाच वर गेल्या.