साहेबांसाठी रोस्ट

कतारमधल्या अल अझीझियाच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओव्हन होता, पण त्यात मी तवे आणि कढया ठेवत असे. त्या शुक्रवारी सकाळी नवऱ्यानं ते सगळं बाहेर काढलं आणि ओट्यावर एक गारढोण पिशवी ठेवली. आत सुपरमार्केटमधला शिजवलेला बीफ रोस्ट होता. "फक्त गरम करायचाय गं," असं म्हणाला, जशी काही कालची आमटीच.

माझ्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नव्हतं. लग्न झालं तेव्हाच ते ठरलं होतं. बाहेर त्यानं काय खावं यात मी कधी पडले नाही. पण त्या दिवशी त्याचा आयरिश साहेब जेवायला येणार होता. नवरा स्टेडियमच्या एसीच्या कामावर होता. वर्ल्ड कप जवळ येत होता तशी स्टेडियमं तयार होत होती आणि ती उभी करणारी माणसं नारळ घेऊन घरी जात होती. "माझ्या नोकरीच्या कराराचं रिन्यूअल याच्या हातात आहे. एक दिवस कर," नवरा म्हणाला. मुलगी दहावीत होती, तिची शाळा मधेच सुटली असती. मी निमूटपणे हो म्हटलं.

देवांचं कपाट ओट्याला लागूनच होतं. देव उचलून मी बेडरूममध्ये नेले. ते पाहून मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, इट्स जस्ट लंच."

पिशवी कापली तर मांसाला तपकिरी, थलथलीत असं काहीतरी चिकटलेलं. मला वाटलं, खराबच झालंय. आमच्याकडे बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय शिजायला पडत नाही, भाजी असो की डाळ. नाकाला ओढणी बांधून मी तो गोळा नळाखाली धरला आणि चोळून चोळून स्वच्छ केला. मग फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवला, आणि कच्चा राहिला तर शोभा होईल म्हणून पाकिटावरच्या वेळेपेक्षा बराच जास्त ठेवला.

नवरा बघायला आला. "यातली ग्रेव्ही कुठंय?"

"कसली ग्रेव्ही? धुतला मी."

"धुतला? अगं, त्याचाच तर रस होतो!" त्यानं कपाळाला हात लावला. हे याला इतकं बारकाईनं कसं ठाऊक, हे विचारायचं मी टाळलं.

साहेब माणूस सज्जन होता. तो वातड तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर गिळत "लव्हली, लव्हली" करत राहिला आणि आमटीभात मात्र पुन्हा मागून घेतला. नवऱ्यानं माझ्या धुण्याची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. दोघं हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण रिन्यूअलसाठी मीही हसले.

जेवणं उरकली तोच वॉचमनचा फोन आला. नवऱ्याच्या गाडीमुळे कुणाची तरी गाडी अडली होती, तो खाली गेला. साहेब माझ्याजवळ येऊन इंग्रजीत म्हणाला, "निरोपाचं जेवण इतक्या प्रेमानं केलंत. गेल्या महिन्यात त्याला नोकरी संपल्याचं सांगताना मला फार जड गेलं. त्यानं मात्र शांतपणे घेतलं."

मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

साहेब गेल्यावर मी नवऱ्याला सरळ विचारलं. तो सोफ्यावर बसला.

"खलास झालंय गं ते कधीच. तुला टेन्शन नको म्हणून बोललो नाही. त्याला एकदा त्याच्या आवडीचं जेवायला घालायचं होतं, बस. खरं सांगितलं असतं तर तू रोस्ट आणू दिला असतास?"

नसताच दिला. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि कुठली कळ दाबली की मी ऐकते हेही. मांस घरात आलं त्यापेक्षा याची चीड मला जास्त आली, अजूनही येते.

"आणि इथून जायचं तुझ्या जिवावर येईल, असं वाटलं मला," तो म्हणाला.

तेव्हा मात्र मी ओरडले. नाशिकची शाळेतली नोकरी सोडून मी त्याच्यामागे कतारला आले होते. मला तिथं राहायचं नव्हतं, पहिल्या दिवसापासून नव्हतं, आणि इतक्या वर्षांत त्यानं ते एकदाही विचारलं नव्हतं. तरी तिथलं बिऱ्हाड टिकावं म्हणून मी सकाळपासून राबत होते, आणि हा आमच्या जायची तारीख खिशात घालून माझ्याभोवती फिरत होता.