गेटवर पाठवायची बाई

‘ए, जरा तुमच्या भाषेत बोलून दाखव ना.’

प्लँटहेड साहेब म्हणाले. माझ्याच इंटरव्ह्यूत. एचआर मॅनेजरच्या पोस्टसाठी मी बसले होते. इस्त्रीची साडी, फाइल मांडीवर. समोर हेड ऑफिसहून आलेले दोघे. त्यांना माझी गंमत दाखवायची होती.

मी बोलले. ‘जेवलाव का?’ एवढंच.

हसले. तिघेही. एकाने तर ते म्हणून बघितलं, चुकीचं, आणि पुन्हा हसला. ‘सो क्यूट’ म्हणाला. मी दोन मुलांची आई आहे, डोक्यात पांढरे केस आलेत. क्यूट!

‘हिचा गेटवर फार उपयोग होतो,’ साहेब म्हणाले. मग मला म्हणाले, ‘ताई, जा तुम्ही. चहा पाठवा.’ कामाचा एकही प्रश्न विचारला नाही. आणि मी मूर्ख, खरंच चहा पाठवला.

मी आगरी घरातली पोर. आमच्या भातशेतीवर अंबरनाथची आनंदनगर एमआयडीसी उभी राहिली. त्या बदल्यात बाबांना एका कारखान्यात हेल्परची नोकरी. मी शिकले. या कंपनीच्या टाइम ऑफिसला, हजेरी मांडायला, क्लार्क म्हणून लागले, नोकरी सांभाळून उल्हासनगरला एचआरचा डिप्लोमा केला. असिस्टंट झाले, मग एक्झिक्युटिव्ह, मग सीनियर एक्झिक्युटिव्ह. तिथेच अडकले. माझ्या डोळ्यांदेखत चार मॅनेजर आले आणि गेले. येताना त्यांना ईएसआयचं पोर्टलसुद्धा उघडता यायचं नाही. मी शिकवायचं. दीड-दोन वर्षं झाली की ते दुसरीकडे मोठ्या पोस्टवर. निरोपाचा केक आणायला उल्हासनगरच्या कॅम्प दोनला मीच.

ते पहिल्या दिवसापासून सर. मी ताई. दोन वर्षांत कंपनी सोडणारा डायनॅमिक, आणि टिकून राहिलेली मी? अप्रेझलला मला तोंडावर सांगितलं होतं, ‘यू आर टू कम्फर्टेबल हिअर.’ अरे, कम्फर्टेबल कोण होतं? माझी वर्षं तुम्ही खाल्लीत आणि वर मलाच सुस्त म्हणता?

आता गेटचं सांगते. कंत्राटी माणसं कमी करायची असली की आमच्याकडे एक पद्धत होती. सकाळी त्यांची हजेरीची पंच कार्डं बंद. कामावरून काढल्याचा कागद कुणालाच द्यायचा नाही. माणसं गेटवर जमली की मला बाहेर पाठवायचं. मी त्यांच्या भाषेत बोलायचं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, काम आलं की बोलावतो. बाय सांगते म्हटल्यावर माणसं ऐकायची, डबे उचलून घरी जायची. परत कुणालाही बोलावलं नाही. कधीच. जी भाषा गेटवर चालायची तीच केबिनमध्ये चालत नव्हती.

त्या इंटरव्ह्यूनंतर पोस्टवर पाचवा आला. माझ्या धाकट्या भावाहून लहान. महिना नाही झाला तोच पॅकिंगच्या बायका कमी करायचं ठरलं. मला म्हणाला, ‘ताई, गळ्यातलं आयकार्ड काढून जा. घरचं कुणी बोलतंय असं वाटलं पाहिजे.’

कार्ड काढून जा. डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं त्या कार्डावरचं पद बदलावं म्हणून झुरले, आणि हा तेच उतरवायला सांगतोय. तरी मी काढलं. पर्समध्ये टाकलं. गेले.

बायका उन्हात उभ्या. पुढे नमीआत्या, बाबांची चुलतबहीण. पॅकिंगवर हात झिजले तिचे. तिने माझं मनगट धरलं.

‘बाय, तू आपली हाईस. मना खरा सांग. आमाला परत बोलावनार का नाय?’

तिच्याशी खोटं बोलायलाच मला पाठवलं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. पण तिने ‘आपली’ म्हटलं आणि मला माझी किळस आली.

‘नाय गो आत्या. कवाच नाय. लिवून मागा. कागद हातात आल्याशिवाय हितून हलू नका.’

मग पर्समधून कार्ड काढलं आणि सगळ्यांसमोर गळ्यात घातलं.

बायका हलल्या नाहीत. तासाभराने तो नवा मॅनेजर पळत खाली आला. ‘काय सांगितलंत तुम्ही त्यांना?’

मी म्हटलं, ‘खरं सांगितलं. आता तुम्ही सांगा. मॅनेजर तुम्ही आहात ना?’

‘यांची लँग्वेज मला येत नाही’ म्हणाला आणि आत गेला.

कागद मिळाला नाहीच. दुपारी पोलिसांची गाडी आली, बायकांना हटवलं. नमीआत्या तेव्हापासून घरीच आहे. इतर कंपन्यांच्या ठेकेदारांकडेही तिचं नाव गेलंय, कुणी घेत नाही. मी खरं बोलले म्हणून तिचं काही भलं झालं नाही. हे मला गिळता येत नाही.

बायकांनी कल्याणला कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार केली. कंपनीचं म्हणणं, या बाया स्वतःहून कामावर यायच्या बंद झाल्या. वर्षानुवर्षं काय चालत होतं ते आतून सांगू शकेल असं एकच माणूस. मी.

काल प्लँटहेड साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पहिल्यांदाच म्हणाले, ‘बसा मॅडम.’ डेप्युटी मॅनेजर करतो म्हणाले. स्वतंत्र केबिन. ‘फक्त या भानगडीत पडू नका. तुम्ही मॅनेजमेंटच्या आहात आता.’

मला ते पद हवं होतं. अजून हवंय, खोटं कशाला बोलू? नवऱ्याने रात्रभर समजावलं, घराचे हप्ते आहेत, पोरीची बारावी आहे. त्याचं काही चुकत नाही. या वयात काढलं तर अंबरनाथ-बदलापुरात मला कोण घेणार? एचआरच्या लोकांचे आपसात फोन चालतात. मीही असे फोन केलेत, मला ठाऊक आहे.

आज सकाळी साहेबांना सांगून आले. ‘डेप्युटी मॅनेजर नको. सोमवारी मी कल्याणला साक्ष द्यायला जाणार आहे.’

‘विचार करा, नोकरी जाईल,’ ते म्हणाले.

जाऊ दे. राजीनामा मी देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं, सहीशिक्क्याचा कागद माझ्या हातात देऊन. तोवर त्याच खुर्चीवर बसणार. आणि सोमवारी नावं घेणार. आधीच्या चार मॅनेजरांची, या पाचव्याची, प्लँटहेडची. सगळ्यात आधी माझं.