डाव्या कुशीवर

सत्तरच्या दशकात आम्ही नागपुरात डॉक्टरकी शिकत होतो, तेव्हा परीक्षा जवळ आली की वसतिगृहात खोट्या रोग्यांचा सुळसुळाट व्हायचा. जेवणं झाली की एकाने खाटेवर आडवं व्हायचं, एखादा रोग मनात धरायचा आणि कण्हायला लागायचं. दुसऱ्याने प्रश्न विचारून, तपासून तो ओळखायचा. वॉर्डात फजिती होऊ नये म्हणून हा सराव. माझा खोलीतला सोबती कन्हानच्या खाणीतल्या मजुरासारखा असा हुबेहूब खोकायचा की शेजारची मुलं बघायला यायची. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. मूर्खच होतो मी.

एकदा रोगी व्हायची पाळी माझी होती. छातीला नळी लावून तो थबकला.

"काहून लपवून राहिला होता गा?"

लहानपणीच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची एक झडप बिघडली होती. मला सर्जन व्हायचं होतं, आणि हे कळलं तर सर मला ऑपरेशनच्या टेबलाजवळ उभंही करणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. कोणाला सांगायचं नाही, अशी मी त्याला शपथ घातली. वर उत्साहाने शिकवलंही: उताणं झोपलो तर आवाज नीट कळत नाही, डाव्या कुशीवर वळलो की स्पष्ट येतो.

थोड्याच दिवसांनी सरांनी मला वर्गात पुढे बोलावलं. "शर्ट काढ आणि झोप. आजची केस आपल्यातलीच आहे."

सगळी बॅच रांगेने आली. गार नळ्या छातीवर फिरल्या, पण कोणालाच धड काही सांगता येईना. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो.

शेवटी तो आला, कपाळाला आठ्या घालून, जणू मला पहिल्यांदाच बघतोय. माझ्या खांद्यावर हात ठेवून, वॉर्डातल्या परक्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "बाबा, जरा डाव्या कुशीवर व्हा."

मी वळलो. त्याने घडाघडा सगळं सांगितलं. सरांनी त्याची पाठ थोपटली आणि मला म्हणाले, "सर्जरीचं आता डोक्यातून काढ."

संध्याकाळी खोलीत तो म्हणाला, "तुह्या भल्यासाठीच सांगतलं गा मी सरले. किती दिवस लपवशीन? चाल, आज मी पेशंट होतो."

आणि खाटेवर आडवा होऊन तो खाणीतल्या मजुरासारखा खोकायला लागला. शेजारची मुलं दारात येऊन हसत उभी राहिली. मी नळीला हातही लावला नाही.